नळीतला रंग कोणी पाहायचा

जबलपूर, ६ जानेवारी १९७४

नागपूरच्या विणकर सोसायटीच्या सर्व सभासद बंधू-भगिनींना श्रावण धकातेचा नमस्कार.

तुमची नि माझी एक तक्रार सारखी आहे. आपले कोणी ऐकून घेत नाही. इतवारीतला व्यापारी लुगडे उलगडतो, तोंड वाकडे करतो आणि आपण काही बोलायच्या आत भाव सांगतो. दवाखान्यात डॉक्टर कागदाकडे पाहतो, आपल्याकडे नाही. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून जन्म काढलेल्या माणसाला काही कळत असेल, असे कोणाला वाटत नाही. ह्या तक्रारीवर मी वीस वर्षे, दर रजेत येऊन, तुमच्यापुढे भाषणे केली, तुम्ही टाळ्या दिल्या. तक्रार खरी होती, आजही आहे.

आता सोसायटीने साखरेचा आजार असलेल्या अकरा घरांना लघवी तपासायच्या नळ्या दिल्या, असे मला कळले. म्हणून माझ्या घरची गेल्या तीन वर्षांतली पत्रे तुमच्यापुढे ठेवतो आहे. माझा थोरला भाऊ ताराचंद ह्याला तुम्ही ओळखता. काठाच्या सुताला रंग द्यावा तर त्यानेच. गोपिकावहिनींनाही ओळखता. दोघांना विचारूनच पत्रे देतो आहे. मी इथे सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लघवी-रक्त तपासतो, हेही लक्षात असू द्या. पत्रे सभेत मोठ्याने वाचावीत. माझी वाक्ये गाळू नयेत.

---

नागपूर, १४ मार्च १९७१

श्रावण, आशीर्वाद.

वजन उतरून राहिलं म्हणून दवाखान्यात गेलो होतो. साखर निघाली म्हणते. डॉक्टर पोरगेला आहे, चष्मा माझ्यापेक्षा जाड. मी म्हटलं, साहेब, पायाले मुंग्या येतात, तो म्हणते, कागदावर लिहिलं आहे. मी म्हटलं, मुंग्या कागदाले नाही, मले येतात. तर कंपाउंडर हसला अन् डॉक्टर रागावला. गोळ्या देल्ल्या. गोळीनं नाही उतरली तर रोज सुई घ्या लागन म्हणते.

सुईचं मी ऐकून आहे. आपल्या गल्लीतल्या दादाजीले सुई लागली, अन् सहा महिन्यांत गेला. मी सुई घेणार नाही. तू त्याच खात्यात आहेस, तूच सांग काय करायचं. गोपिकानं चहातली साखर बंद केली. चहा आता नुसता गरम लागते.

ताराचंद

---

जबलपूर, २३ मार्च १९७१

प्रिय दादा, साष्टांग नमस्कार.

घाबरू नको, पण हलक्यावारीही घेऊ नको. तुझ्या भाषेत सांगतो. सूत ब्लिचिंगच्या पाण्यात जास्त वेळ राहिले तर काय होते? दिसायला पांढरेशुभ्र, मागावर चढवले की तटातट तुटते. रक्तात साखर जास्त राहिली की शरीराच्या बारीक शिरांचे तेच होते. वरून माणूस चांगला दिसतो, आत धागा धागा कुजत असतो. आधी डोळ्यातला, पायातला, मूत्रपिंडातला बारीक धागा.

सोबत निळ्या औषधाची बाटली, दोन काचेच्या नळ्या आणि छापील रंगांचा कागद पाठवतो. दर सोमवारी नळीत चमचाभर औषध घे, आठ थेंब लघवी टाक, उकळ. निळे राहिले तर साखर नाही. हिरवे झाले तर आहे. पिवळे म्हणजे जास्त, शेंदरी त्याहून जास्त, विटकरी झाले तर त्याच दिवशी दवाखाना. रंग मला कळव. तुझी साखर आपण दोघे मिळून सांभाळू, त्या जाड चष्म्याची गरज नाही.

तुझा श्रावण

---

नागपूर, ९ एप्रिल १९७१

श्रावण,

तुझा रंगांचा कागद पाहून मले हसू आलं. हा हिरवा आहे काय? छापणाऱ्याच्या घरी कोणी हिरवा पाहिलाच नसन. पोपटी वेगळा, शेवाळी वेगळा, कैरीचा वेगळा, ह्यानं सगळ्यायले एकाच डबक्यात बुडवलं. ह्या कागदावर माझ्या जिवाचा निकाल लावतं काय गा?

मी दुसरं केलं. नळी उजेडात धरली अन् माझ्या सुतांच्या लडींमधून तिच्याशी जुळणारा धागा काढला. तो लिफाफ्यात टाकून राहिलो. पहिल्या सोमवारचा पिवळट हिरवा, दुसऱ्याचा फिका हिरवा, ह्या सोमवारचा निळ्यावर आला. गोळी लागू पडली म्हणायची. दर महिन्याले चार धागे येतील, तूच पाह्यजो.

ताराचंद

---

जबलपूर, १७ एप्रिल १९७१

प्रिय दादा,

तुझे धागे मी आमच्या साहेबांच्या टेबलावर ठेवले. म्हटले, पाहा, विलायतेत छापलेल्या कागदाला जे जमत नाही ते नागपूरच्या कोष्ट्याच्या डोळ्याला जमते. ज्ञान पुस्तकातच असते असे समजणाऱ्यांना असाच जबाब दिला पाहिजे. आता मला छापील कागद नको. तुझा धागा हाच माझा पुरावा.

तुझा श्रावण

---

[पुढच्या सहा महिन्यांत चोवीस धागे आले. तेवीस निळे.]

---

नागपूर, ११ ऑक्टोबर १९७१

भाऊजींले गोपिकाचा नमस्कार.

चवथीपर्यंतचं शिक्षण आहे, चुकलं तर समजून घ्या. हे पत्र तुमच्या भावाले माहीत नाही. ते अंघोळीले गेले आहेत.

सोमवारी नळी मीच चुलीवर धरतो. ती निळी नसते, भाऊजी. मले हिरवी दिसते. कधी कधी तर पोपटाच्या अंगावरून पिवळी होते. मी म्हटलं, अहो, हा हिरवा आहे. तर मले म्हणे, तू सुताच्या कांड्या भर, रंग मले शिकवू नको वं. आता त्यायनं सारी उमर रंगातच काढली, म्हणून मी गप राहिलो. पण पाणी लय पितात. मागावरून उठताना भिंत धरतात. परवा टाचेत खिळा होता, चप्पल काढली तवा मले दिसला, त्यायले ठाऊकच नाही.

तुम्ही एकदा दुसऱ्या कोणाले रंग पाहाले सांगा.

गोपिका

---

जबलपूर, २० ऑक्टोबर १९७१

सौ. वहिनींना नमस्कार.

तुमची काळजी मी समजतो. घरधनी आजारी पडला की बाईला सगळीकडे आजारच दिसतो, त्यात तुमचा दोष नाही. पण वहिनी, साऱ्या नागपुरात काठाचा रंग जुळवायचा तर लोक दादाकडे येतात. चुलीच्या धुरात, तांबड्या जाळापुढे निळे पाणी हिरवे दिसू शकते. दादा नळी उजेडात पाहतो. आपल्या माणसाच्या हुन्नरावर आपणच शंका घेतली तर बाहेरच्यांनी का घेऊ नये? तुम्ही पथ्य सांभाळा, पायात चप्पल घालायला लावा. रंगाचे त्याच्यावर सोडा.

तुमच्या पत्राबद्दल त्याला काही कळवत नाही.

श्रावण

---

नागपूर, २ फेब्रुवारी १९७२

श्रावण,

चार धागे सोबत आहेत. चारही निळे.

दोन गोष्टी झाल्या. एक, दवाखान्यात रक्त काढलं. तो चष्मेवाला म्हणे, साखर फार आहे, सुई सुरू करा. मी म्हटलं, माझ्या नळीत तर निळं येते. तो म्हणे, तुमची नळी चुकते. मी म्हटलं, नळी माझ्या भावानं देल्ली, तो सरकारी आहे. निघून आलो.

दुसरी गोष्ट. इतवारीच्या मनोहररावानं आठ लुगडी वापस केली. आपण निळा चिंतामणी काठ कबूल केला होता, तुम्ही हिरवा देल्ला म्हणते. तीस वर्षं झाली त्याच्या बापापासून माल देऊन राहिलो. हिरवा अन् चिंतामणी मले नाही कळत? दुकानात चारचौघांत म्हणे, ताराचंदजी, एकदा डोळे दाखवून या. त्याचा नोकर तोंड लपवून हसला. मी तिथून घरापर्यंत कसा आलो, मले आठवत नाही.

आता काय करू?

ताराचंद

---

जबलपूर, १० फेब्रुवारी १९७२

प्रिय दादा,

पत्र वाचून माझे रक्त तापले. बाजारात माल पडून असला की व्यापाऱ्याला काठ हिरवा दिसू लागतो, हे मी गेली कित्येक वर्षे सांगतो आहे. भाव पाडायची ही जुनी रीत आहे. आधी मालाला नाव ठेवायचे, मग माणसाला. तू मान खाली घालून आलास ह्याचे मला दुःख वाटते. परत जा. चार विणकर सोबत ने. त्याच्या दुकानापुढे उभा राहून सांग की तीस वर्षांत ज्या डोळ्याने तुझ्या घरच्या लग्नाचे शालू जुळवले तो डोळा आज खोटा झाला काय.

डॉक्टरचेही तेच. एका दिवशीच्या रक्तावरून तो सुई देतो आणि माझ्यापुढे दहा महिन्यांचे निळे धागे आहेत. रक्त काढायच्या आधी काही खाल्ले असशील. गोळ्या चालू ठेव. सुईची गरज नाही.

तुझा श्रावण

---

नागपूर, ६ मार्च १९७२

श्रावण,

तू सांगतलं तसं केलं. वसंत, नत्थूजी अन् आणखी दोघं घेऊन गेलो. दुकानापुढं उभा राहून बोललो. मले बोलता येते हे मलेच ठाऊक नव्हतं. पूर्ण गल्ली जमली. मनोहरराव हात जोडून म्हणे, बरं बाबा, माझंच चुकलं, लुगडी ठेवून जा. आम्ही जिंकलो. वसंतनं जिलबी आणली, मी नाही खाल्ली, एक कडं खाल्लं.

त्यानंतर त्याचं काम आलं नाही. कोणाचंच नाही आलं. पण मान ताठ आहे.

धागे निळे आहेत.

ताराचंद

---

[त्या वर्षी माझ्याकडे चव्वेचाळीस धागे आले. सगळे निळे. दिवाळीनंतर धागे थांबले. मी समजलो, दादा बरा झाला म्हणून कंटाळा करतो आहे. एक कार्ड टाकले, उत्तर आले नाही.]

---

नागपूर, ४ डिसेंबर १९७२

भाऊजी,

तुमच्या भावाच्या उजव्या डोळ्यापुढं काजळ सांडल्यासारखं झालं. आता तो डोळा गेला. डाव्यानं थोडं दिसते. ते तुमाले सांगू नको म्हणतात. श्रावणनं मले साऱ्या दवाखान्यात मोठं केलं, आता त्याची मान खाली जाईल म्हणतात.

मी काही सांगत नाही. तुम्ही या.

गोपिका

---

जबलपूर, ८ जानेवारी १९७३

प्रिय दादा,

रजा संपली म्हणून परत आलो, पण मन तिथेच आहे. तोंडाने बोलता आले नाही ते लिहितो.

त्या सोमवारी मी स्वतः नळी उकळली. अंगणात, भर उजेडात धरली. पाणी पिवळट हिरवे होते. लहान मूलही चुकले नसते. तू डावा डोळा जवळ आणून पाहिलेस आणि विचारलेस, "निळाच आहे ना?" मग हात लांब करून लडींतून धागा काढलास. निळा. इतक्या खात्रीने काढलास की क्षणभर मला माझ्याच डोळ्यांची शंका आली.

डोळ्याच्या डॉक्टरांनी नंतर सांगितले ते तुझ्यासमोर बोललो नाही. साखरेने डोळ्याचा पडदा बिघडू लागला की काहींचा निळ्या-हिरव्यातला फरक आधी जातो. नजर शाबूत वाटते, माणूस अक्षरे वाचतो, रस्ता ओलांडतो. एवढेच दोन रंग एक होतात. त्याला ते कळत नाही, कारण त्याला दिसते तेच त्याला खरे. दादा, तू खोटे धागे कधीच पाठवले नाहीस. तुला दिसले ते पाठवलेस. आजार ज्या डोळ्यात शिरला होता त्याच डोळ्याला मी आजाराचा साक्षीदार केले.

मनोहररावांकडे मी गेलो होतो. त्यांनी त्या आठांतले एक लुगडे अजून ठेवले आहे. काठ हिरवा आहे, दादा. ते म्हणाले, "मी काठाबद्दल बोललो, तुम्ही भलतंच ऐकलं. डोळे दाखवा म्हटलं ते टोमणा म्हणून नव्हतं. माझ्या आईले साखर होती." मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले.

आणि वहिनी. निघायच्या दिवशी त्यांनी फडताळातून एक कांडी काढून माझ्या हातात दिली. दर सोमवारी तू तुझा धागा लिफाफ्यात ठेवत होतास, त्याच सोमवारी त्या त्यांना दिसलेल्या रंगाचा धागा त्या कांडीवर गुंडाळत होत्या. टोकाला टोक गाठ मारून. मी रेल्वेत बसून ती उलगडली. ऐंशीच्या वर गाठी मोजल्या. पोपटी, कैरी, शेवाळी, हळदी. एप्रिल एकाहत्तरनंतर निळा धागा एकही नाही. मी विचारले होते, "वहिनी, हे मला आधी का नाही पाठवलं?" त्या म्हणाल्या, "एकदा लिहिलं होतं. तुम्ही उत्तर देल्लं होतं."

सुई तेव्हाच लागली असती तर डोळे राहिले असते, असे मी छातीठोक सांगू शकत नाही. राहण्याची आशा होती, एवढे मात्र मला माझ्या खात्यामुळे ठाऊक आहे. ती आशा मी माझ्या एका ओळीने मोडली. डॉक्टर बरोबर होता, व्यापारी बरोबर होता, बायको बरोबर होती. चुकलो फक्त आपण दोघे, ज्यांना आपले ऐकून घेतले जात नाही म्हणून राग होता.

मला क्षमा मागायची आहे आणि मागवत नाही.

श्रावण

---

नागपूर, १८ एप्रिल १९७३

श्रावण, आशीर्वाद.

हे गोपिका लिहून राहिली, बोलणारा मी आहे. तिले सांगतलं, माझ्या शिव्या गाळू नको. ती म्हणते, पहिली गाळली.

डावाही गेला. होळीच्या आदल्या दिवशी. तुले लगेच कळवलं नाही, कारण तू रजा टाकून आला असता अन् येऊन भाषण केलं असतं.

सुई रोज सकाळी गोपिका टोचते. भांड्यात उकळते, थंड करते, टोचते. पहिल्या दिवशी तिनं दोनदा सुई मागं घेतली, आता बोलत बोलत टोचते. नळी तीच पाहते. मी विचारतो, काय आहे? ती म्हणते, फिका हिरवा. परवाच्या सोमवारी निळा म्हणाली. मी म्हटलं, खरंच काय वं? तर रडू लागली. दोन वर्षांत पहिला निळा आला, तो मले नाही दिसला.

पायाच्या मुंग्या कमी आहेत. टाचेची जखम भरली. डॉक्टर म्हणे पाय वाचले. तोच चष्मेवाला. त्यानं खुर्ची दिली, माझं सारं ऐकून घेतलं. आंधळ्याचं ऐकतात लोक.

दिवसभर कांड्या भरतो. बायकांचं काम म्हणून कधी हात लावला नव्हता. सूत बोटाले कळते, रंग नाही कळत. गोपिका लड हाती देते अन् नाव सांगते. जांभळा म्हणाली का जांभळा. एखादी वेळ वाटते, ही मले फसवून तर नाही राहिली? मग लाज वाटते.

क्षमेचं लिहिलंस. हे ऐक. चूक माझीही आहे, तुझ्यापेक्षा मोठी, कारण ती माझ्या शेजारी उभी राहून सांगत होती. पण एक गोष्ट कोणाले सांगितली नाही ती तुले सांगतो. तू माझे धागे साहेबाच्या टेबलावर ठेवले, ते पत्र मी वसंतकडून चार वेळा वाचून घेतलं होतं. मले वाचता येत होतं तरी. कोष्ट्याच्या डोळ्यावर कोणी एवढा भरोसा ठेवला नव्हता. मग सोमवार आला का मले निळाच पाहायचा होता. दोन-तीनदा मले शंका आली होती, श्रावण. नळी हलवली तवा काही तरी वेगळं वाटलं. मी निळाच काढला. तुझा पुरावा खोटा कसा पाडू?

आता हे लिहिताना गोपिका थांबली आहे. तिलेही हे ठाऊक नव्हतं. लिहून टाक वं, थांबू नको.

येजो कधी. भाषण नको करू. नुसता बसजो.

ताराचंद

---

सभासद बंधू-भगिनींनो, पत्रे संपली.

दादा आज तुमच्यात बसला असेल. पन्नाशी गाठली नाही, आणि त्याला माग कुठे आहे हे आवाजावरून शोधावे लागते. त्याची कीव करू नका, त्याला ती आवडत नाही.

आपले कोणी ऐकत नाही, ह्या तक्रारीचा एक शब्दही मी मागे घेत नाही. पण ती तक्रार घेऊन मी ज्या घरात शिरलो, त्या घरात एक बाई दर सोमवारी खरे बोलत होती, आणि तिला मी लिहिले की रंगाचे त्याच्यावर सोडा. डॉक्टरने दादाला वागवले त्याहून मी वहिनींना वाईट वागवले, कारण डॉक्टरने निदान रक्त तरी तपासले होते.

तुमच्यातल्या अकरा जणांकडे आता नळ्या आहेत. अकराही पुरुष आहेत, बायांची साखर अजून कोणी पाहिलेली नाही, तो भांडणाचा विषय मी पुढच्या सभेसाठी ठेवतो. तुम्ही सगळे रंगातले जाणते आहात. तुम्हाला वाटेल, ताराचंदचा डोळा गेला, माझा शाबूत आहे. त्यालाही तसेच वाटत होते. आणि डोळा शाबूत असला तरी मन निळ्याकडे ओढते, हे त्याने स्वतः सांगितले आहे.

म्हणून ह्या सोमवारी सकाळी नळी उकळली की ती स्वतः पाहू नका. ती बायकोच्या हाती द्या, तुम्ही पाठ फिरवून उभे राहा, आणि ती जो रंग सांगेल तो तिच्याच हाताने कागदावर लिहवून, एक अक्षर न बदलता, दवाखान्यात न्या.

श्रावण धकाते